पट्टीवर मेलेले सुभेदार

रविवारी दुपारी सांगलीच्या केबलवर मारामारीचा पिक्चर चालू होता, आणि पडद्याखालच्या पट्टीवर सुभेदार लालासाहेब मेले.

पट्टी म्हणजे शहाण्णव सालातली सांगलीची चावडीच. केबलवाला धम्मपाल सुभेदारांच्याच गच्चीवरच्या खोलीत कम्प्युटरवर मजकूर टाईप करायचा, आणि तो घराघरांतल्या टीव्हीखालून सरकत जायचा. वाढदिवस, हरवलेली सायकल, गाण्यांच्या फर्माईशी, नाव न घेता मारलेले टोमणे. त्या दुपारी आधी आलं, ‘प्रियंकाला दहावीच्या शुभेच्छा, आता तरी पास हो.’ मागोमाग आलं, ‘कालकथित सुभेदार लालासाहेब यांचे दुःखद निधन. मृतात्म्यास चिरशांती लाभो.’ आणि त्याच्या शेपटाला धरून साड्यांचा सेल.

बघता बघता सुभेदारांच्या दारात हारांचा ढीग लागला. पण घरात मयत नव्हतं. सुभेदारही नव्हते. फौजेतून येऊन हळदीचा व्यापार करणारा म्हातारा सकाळी बाहेर पडला, तो परत आलाच नव्हता.

फौजदार आकाराम मूळचा पाटणचा, हसऱ्या तोंडाचा. बातमी ऐकून तो आधी हसला. मग हसता हसता थांबला.

“धुळा,” तो हवालदाराला म्हणाला, “म्हातारा मेल्याचं घरात ठाऊक न्हाई, गल्लीत ठाऊक न्हाई. मग पट्टीला कुणी सांगितलं?”

धुळानं तोंडातली तंबाखू थुंकली. “ज्यानं मारलं त्यानं.”

धम्मपालला चौकीत आणून बसवला होता. हाताला काळ्या चिकटपट्टीचा डाग, खिशात पक्कड.

“काल सुभेदारांशी भांडलास?”

“भांडलो न्हाई साहेब, बोलणं झालं. मॅचच्या शेवटच्या षटकात केबल गेली. ते म्हणाले, तुझं डिश गच्चीवरनं उकिरड्यात टाकतो.”

“आन तू काय म्हणालास?”

धम्मपालनं मान खाली घातली. “लय बोललात तर तुमचीच श्रद्धांजली लावीन.”

“समद्या गल्लीनं ऐकलं.”

“चेष्टेत म्हणालो. त्यांच्या गच्चीवर माझं पोट हाय साहेब. त्यांना मी कशाला मारू?”

“पट्टी लागली तवा कुठं होतास?”

“खांबावर. वायर तुटली होती.”

“कुणी बघितलं?”

“केबलवाल्याकडं वर कोण बघतंय? लोकं वर बघून फक्त शिव्या देत्यात. ती पट्टी मी अजून डोळ्यांनी बघितली न्हाई.”

“पट्टीवर कालकथित लिवलंय. हा शब्द सुभेदारांच्या घरातला न्हाई. तुमच्यातला हाय.”

बौद्ध घरांत मेलेल्या माणसाच्या नावाआधी ‘कै.’ लावत नाहीत, कालकथित म्हणतात. “साहेब, रोज गिऱ्हाइकांचे कितीतरी कैलासवासी मीच टाईप करतो. सुभेदारांना मी कालकथित कशाला लिहीन?”

“सवयीनं हात घसरला असंल.”



बाहेर लोकांचं उत्तर ठरलं होतं. चौकीसमोर गर्दी जमली होती, आणि तो एक शब्द तोंडातोंडी फिरत होता. अंधार पडायच्या आत सुभेदार सापडले नाहीत तर धम्मपालला बाहेर काढा, पुढचं आम्ही बघतो, असा निरोप आत आला. निरोप आणणारा अगदी शांतपणे बोलला. आकारामला आरडाओरडा चालला असता. तो शांतपणा त्याला आवडला नाही.

धम्मपालची आई येसूबाई चौकीच्या पायरीवर बसली होती. गर्दीकडं पाठ करून.

“मावशी, घरी जावा,” धुळा म्हणाला. “सुभेदाराचा आत्मा भटकत असंल ह्या गर्दीत.”

म्हातारीनं त्याच्याकडं बघितलं. “आमच्यात आत्मा न्हाई, हवालदार. छप्पन साली नागपुरास्नं दीक्षा घिऊन आलो तवाच सोडला. भटकायला माणूस लागतो. तो हुडका.”

आकाराम जीपमध्ये बसता बसता क्षणभर तिच्याकडं बघत राहिला.

सुभेदारांच्या घरी दार उघडलं पुतण्या शिवतेजनं. घरात काका आणि तो, दोघंच. पांढरा सदरा, डोळे लाल. उजव्या बाहीचं टोक ओलं होतं, आणि त्यावर तांबूस डाग.

“हे काय? रगत?”

“पान साहेब.” शिवतेज हसला. दात शुभ्र होते.

“गच्चीवरच्या खोलीची चावी?”

“एक धम्मपालकडं असते, एक आमच्या खुंटीला. पण मला त्या कम्प्युटरातलं काय कळतंय? धम्मपालनंच केलं असणार. शब्द बघा ना त्याचा.”

“बघितला. तुम्ही सकाळी कुठं होता?”

“इथंच. काका फिरायला गेले, मी झोपलेलो.”

“तुमची स्कूटर दारात हाय. चाकांना चिखल वाळलाय.”

“कालचा असेल.”

आकारामनं मान हलवली. मग पाणी मागावं इतक्या सहज विचारलं, “सुभेदारांची हळद कुठं ठेवता?”

शिवतेज ओली बाही दुमडू लागला.

“हरिपूरला,” धुळानं परस्पर सांगून टाकलं. “पेवात.”

“चला शिवतेजराव. काकांना हुडकायला तुम्ही बरोबर पायजे.”

हरिपूर सांगलीला लागूनच आहे. तिथं नदीकाठच्या जमिनीच्या पोटात पेवं आहेत. आत खोल कोठार, वर माणूस जेमतेम मावेल असं तोंड. आत हळद वर्षानुवर्षं टिकते. माणूस टिकत नाही. भरल्या पेवात हवा मरून जाते. घाईनं आत उतरलेल्या हमालांच्या कथा धुळानं वाटेत इतक्या रंगवून सांगितल्या, की शिवतेजनं काच खाली करून तोंड बाहेर काढलं.

अर्जुना हमालानं पेव दाखवलं आणि तो थबकला. “आरं, ह्येच्यावर फरशी कुणी ओढली?”

तिघांनी फरशी सरकवली. आत काळोख. वाकून हाक मारली तर आपलाच आवाज जाड होऊन परत आला. आकाराम पाय सोडायला निघाला, तर अर्जुनानं त्याचा पट्टा धरला.

“आदी वारं, मग कंदील, मग माणूस. न्हाईतर एकाची दोन मयतं व्हतील.”

“बरं,” आकाराम म्हणाला. “तवर ह्या शिवतेजला एक गोष्ट सांगतो.”

शिवतेज जीपकडं वळला होता. तिथं धुळा उभा होता.

“मलाबी वाटलं, धम्मपालचा हात घसरला. मग येसूबाई म्हणाली, आमच्यात आत्मा न्हाई. आन माझ्या डोळ्यांपुढं पट्टी पुन्हा सरकली. कालकथित सुभेदार, आन पुढं काय? मृतात्म्यास चिरशांती. आता ऐक. धम्मपाल गिऱ्हाइकाचं लिवतो तवा ‘कै.’ लिवतो, पुढं आत्मा. घरचं लिवील तवा कालकथित लिवील, आन पुढं आत्मा न्हाई. कालकथितला आत्मा चिकटवणारा हा तिसराच कोणतरी. तू त्यांचा एक शब्द चोरलास गड्या, पण त्या शब्दाचं घर कवा बघितलं न्हाईस.”

“गल्लीत असे शंभर जण असतील,” शिवतेज म्हणाला. आवाज मात्र कोरडा पडला होता.

“असतील. त्यांच्या घरात खोलीची चावी न्हाई. आन त्यांच्या बाहीवर डाग न्हाई. माझ्या लग्नातला हळदीचा सदरा बायकोनं साबणानं धुतला, तवा आई वरडली, आगं ह्येला काय झालं? हळदीला साबण लागला की ती तांबडी हुती. साऱ्या महाराष्ट्रातल्या बायकांना ठाऊक हाय. तू घाईनं बाही धुतलीस, आन पिवळ्याचं तांबडं करून बसलास. खाली हळद राहिलीया म्हणून काकाला दोरानं उतरवलास. पेवातल्या हळदीनं माखलेला तो दोर तूच वर वढलास. बरोबर?”

शिवतेज पेवाच्या तोंडाकडं बघत होता.

“मला माझं डिश लावायचं होतं,” तो शेवटी म्हणाला. “गच्ची घरची, आणि केबल धम्मपालची. काका म्हणाले, पोरगं कष्टाचं हाय, त्याला हलवणार न्हाई. मला सख्ख्या पुतण्याला म्हणाले.” थोडं थांबून तो हळूच म्हणाला, “काल त्यांचं भांडण झालं नसतं तर सुचलं पण नसतं.”

अर्जुनानं कंदील पेटवला आणि दोरीनं आत सोडला. भिंतींवर पिवळा उजेड फिरत खाली गेला. सगळ्यांचे डोळे ज्योतीवर. ज्योत फडफडली, बारीक झाली.

आणि पुन्हा उभी राहिली.

“जळतोय,” अर्जुना म्हणाला. “जळणारच. हे पेव आमी गेल्या आठवड्यात रिकामं करून वाऱ्यावर उघडं टाकलं व्हतं. मेली हवा कवाच गेली.” त्यानं शिवतेजकडं बघितलं. “मालकाच्या पुतण्यानं कवा हिकडं फिरकून बघितलंच न्हाई.”

तेवढ्यात खालून आवाज आला. खरखरीत, चिडलेला.

“कंदील बाजूला घे. डोळ्यांवर येतोय. आत्ता कुठं डोळा लागला व्हता.”

चौकीसमोर जीप पोचली तेव्हा दिवस कलला होता, आणि गर्दीतल्या काहींच्या हातात दगड होते. जीपमधून डोक्यापासून पायापर्यंत पिवळाधमक झालेला एक म्हातारा काठीशिवाय उतरला. पुढचे लोक मागच्यांच्या पायांवर पाय देत सरकले. हार आणलेल्यांनी हार पाठीमागं लपवले. दगड कुठं गेले ते कळलंच नाही.

“लय माणूस जमलंय,” सुभेदार म्हणाले. “कुणाची माती हाय?”

मागं धुळानं शिवतेजला खाली उतरवलं, तेव्हा सगळ्यांना कळलं, पण कुणी कुणाकडं बघितलं नाही.

सुभेदार पायरीपाशी आले. येसूबाई उठून उभी राहिली होती.

“येसूबाई, पोराला भाईर बोलवा,” ते म्हणाले. “त्या शेवटच्या षटकात काय झालं, ते त्यानं मला अजून सांगितलेलं न्हाई.”