गुरुवारचं प्रस्थान

बोट शुक्रवारी दुपारी चार वाजता मुंबईहून सुटणार होती, आणि विमलने नाशिक सोडायचं ते गुरुवारी की शुक्रवारी, यावर बोरस्त्यांच्या घरात सोमवारपासून नुसतं गुऱ्हाळ चाललं होतं.

साल १९७९. द्वारकेच्या चौकापासून चार मिनिटांवर, ट्रकच्या गॅरेजांमागे त्यांचं दोन खोल्यांचं घर. विमलचा नवरा सहादू मस्कतला फिटर होता. लग्नानंतर चौथ्याच महिन्यात तो तिकडे गेला, त्याला आता तीन वर्षं होत आली होती. एवढ्या दिवसांनी कुठे त्याने बायकोचा व्हिसा मिळवून पाठवला होता, आणि त्याची मुदत महिनाअखेर संपत होती. मुदतीत पोहोचवणारी ही एकच बोट. ही चुकली की पुन्हा अर्ज, पुन्हा वाट बघणं.

‘‘मी गुरुवारीच जाते ना,’’ विमल म्हणाली. ‘‘रात्र काढीन कुठंतरी. बोट तरी डोळ्यांसमोर राहील.’’

‘‘कुठंतरी म्हणजे कुठं?’’ सासरे सावळीराम म्हणाले. ते रेल्वेत गार्ड होते. रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी दर तासाला खिशातलं घड्याळ काढून बघायचे. ‘‘चिंचपोकळीच्या भाच्याकडं एका खोलीत नऊ माणसं, त्यात तू दहावी. त्यापेक्षा शुक्रवारी सकाळी पंचवटी एक्सप्रेसला बसायचं. अकराच्या सुमाराला व्ही.टी., बाराला धक्क्यावर. चार तास हातात! तेवढ्यात माणूस बोट रंगवून काढील.’’

‘‘आणि गाडी लेट झाली तर?’’ लताने विचारलं. ही विमलची नणंद, दहावीत होती, आणि तिच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं.

‘‘मी सोबत असताना?’’

‘‘बाबा, तुम्ही आता साध्या डब्यात बसणार. हिरवी झेंडी तुमच्या हातात नाही!’’

तेवढ्यात सासूबाई चतुराबाई कॉटवरून बोलल्या. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याने जेमतेम उजेड कळायचा. ‘‘शुक्रवारी मावळतीला जायचं नाय. दिशाशूळ हाय. माझी चुलतसासू अशीच शुक्रवारी निघाली ती वाटेतच गेली.’’

‘‘नव्वदीची होती ती,’’ सावळीराम म्हणाले. ‘‘आणि गुरुवारी विमल गेली तर तुझी पट्टी सोडवायला तुला कोण नेणार?’’

पट्टी गुरुवारी दुपारी सुटायची होती, आणि विमलचा हात धरल्याशिवाय चतुराबाई न्हाणीपर्यंतसुद्धा जात नव्हत्या.

विमल भाकरी थापायला उठली. तिला भांडायचा कंटाळा आला होता. खरं सांगायचं तर तिला सगळ्याचाच कंटाळा आला होता. पहाटे चारला नळाचं पाणी भरायचं, मग लताचा डबा, सासूबाईंचं औषध, निफाडच्या मळ्यावरून येणारे पाहुणे, त्यांचे चहा, त्यांच्या भाकरी. चोवीस वर्षांच्या बाईच्या पायात एवढा शिणवटा कुठून येतो, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. बोटीत सहा दिवस नुसतं पडून राहायला मिळेल, या एका विचारावर ती महिनाभर तगली होती.

तोडगा काढला तो भागीबाईने. ती गल्लीच्या मावळतीच्या टोकाला एकटीच राहायची.

‘‘आवं, मग प्रस्थान ठेवा की!’’ ती म्हणाली. ‘‘गुरुवारी चांगल्या वेळेला विमलच्या हातनं तिचं गाठोडं माझ्या घरात आणून ठेवा. शुक्रवारी जाताना उचला. गाठोडं निघालं म्हंजी माणूस निघालं. दिशाशूळ गेलं उडत!’’

रीत जुनीच होती. जायचा दिवस वाईट असला की आदल्या चांगल्या दिवशी आपलं काहीतरी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. तांदूळ, सुपारी, हळकुंड, अंगावरचं एखादं वस्त्र. चतुराबाईंचा जीव भांड्यात पडला. सावळीरामांना असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण एखादं काम करायचंच तर ते नियमाने करावं, असा त्यांचा स्वभाव. गुरुवारी सकाळी त्यांनी उघडं गाठोडं तपासलं.

‘‘यात पासपोर्ट कुठाय?’’

‘‘तो कशाला, मामंजी?’’ विमल म्हणाली. ‘‘असला कागद घराबाहेर ठेवू नये.’’

‘‘तांदळावर बोटीत घेतात का कुणी? माणूस चढतं ते पासपोर्टावर. निघायचं तर खरी निघाली पाहिजे ती हीच वस्तू.’’ आणि त्यांनी विमलची पोपटी साडी, पासपोर्ट आणि तिकीट एकावर एक रचून स्वतः गाठ मारली. ‘‘हं. आता आमची सून कायद्याने निघाली!’’

विमलने गाठोडं नेऊन भागीबाईच्या भिंतीतल्या देवळीत ठेवलं. परत आली तेव्हा लता दारातच उभी होती. ‘‘कोण पाहिजे बाई? आमची वहिनी तर मुंबईला गेली!’’

सगळे हसले. विमलसुद्धा हसली.

दुपारी लताने तीनच ताटं घेतली. मग जीभ चावून चौथं आणलं.

तीनला विमल सासूबाईंना दवाखान्यात घेऊन गेली, यापुढे आईला आपल्यालाच न्यायचं, तेव्हा दवाखाना बघून ठेवावा म्हणून लताही सोबत आली. डॉक्टरांनी पट्टी सोडली. चतुराबाईंच्या डोळ्याला धार लागली. हळूहळू त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, टेबलावरची कात्री पाहिली, लताला पाहून तर तिच्या गालावरून हातच फिरवला. मग म्हणाल्या, ‘‘विमल कसाऱ्याचा घाट उतरली असंल नाय आता?’’

विमल त्यांचा दंड धरून उभी होती.

‘‘आत्याबाई, मी इथंच आहे.’’

चतुराबाईंनी मान वळवली. खूप वेळ बघितलं. ओळख पटली नाही तर माणूस जसं उगाच हसतं तशा हसल्या.

‘‘नजर बसायला चार-आठ दिवस लागतात,’’ डॉक्टर म्हणाले. ते खरंही होतं.

संध्याकाळी आणखी एक गोष्ट विमलच्या लक्षात आली. सकाळपासून तिला कुणी हाक मारली नव्हती. चहा लताने केला. पाणी सावळीरामांनी स्वतः घेतलं. तीन वर्षांत असा दिवस उगवला नव्हता. तिला वाईट वाटायला हवं होतं, पण ती भिंतीला टेकून बसली आणि तिला नुसतं बरं वाटलं. बाहेर ट्रकवाले इंजिनं चालू करून बघत होते. स्वयंपाकघरातून सावळीरामांचा आवाज आला, ‘‘घर कसं रिकामं वाटतं गं, लते.’’

‘‘हो ना, बाबा,’’ लता म्हणाली.

ती दोघं चेष्टा करत नव्हती.

शुक्रवारी उजाडायच्या आधी रिक्षा भागीबाईच्या दारात थांबवून विमल आत गेली. देवळी रिकामी होती.

‘‘मावशी, गाठोडं?’’

भागीबाई चूल पेटवत होती. तिने फुंकणी बाजूला ठेवली. ‘‘काल नेलंस की.’’

‘‘मी?’’

‘‘तिन्हीसांजेला. मी म्हनलं घोटभर च्या घे, तर म्हनली, बोट थांबत न्हाय मावशी. माझ्याच देखत ती पोपटी साडी नेसलीस.’’ बोलता बोलता भागीबाई उठून जवळ आली. ‘‘काल कशी टवटवीत दिसत हुतीस. आन् रातीतून अशी काय उतरलीस गं, पोरी?’’

सावळीरामांनी रिक्षातून उतरून भागीबाईचं सगळं घर पालथं घातलं. कणगीत हात घालून बघितलं, पत्र्याची पेटी उपसली. मग घड्याळ काढलं. गाडीला पस्तीस मिनिटं होती.

‘‘कुणीतरी चोरलंय,’’ ते म्हणाले. ‘‘म्हातारीला अंधारात दिसलं नसेल. धक्क्यावर जाऊन साहेबाला सांगू. आपण खरे आहोत. चल.’’

पंचवटी वेळेवर होती. इगतपुरीपर्यंत सावळीराम घड्याळ बघत राहिले. समोरच्या बाकावर दिंडोरीकडचं एक कुटुंब द्राक्षं खात होतं. ओळीने सगळ्यांना द्राक्षं देत त्यांच्यातली बाई सावळीरामांपर्यंत आली, त्यांना मूठभर दिली, आणि विमलला ओलांडून पलीकडच्या माणसापुढे पाटी धरली. विमलने हात पुढे केला होता. तो तिने तसाच मांडीवर ठेवला. बोगद्यात गाडी शिरली तेव्हा काचेत सावळीराम दिसले, ते कुटुंब दिसलं. तिने डोळे मिटून घेतले.

बारा वाजून दहा मिनिटांनी ते धक्क्यावर पोहोचले. बोट केवढी असेल याचा विमलला अंदाज नव्हता. तीन मजली पांढरी भिंत पाण्यात उभी करावी तशी ती उभी होती, आणि हवेला डांबर आणि सुक्या मासळीचा वास होता. ट्रंका, वळकट्या, रडणारी पोरं. यादी घेऊन बसलेल्या कारकुनासमोर रांग होती.

‘‘विमल सहादू बोरस्ते,’’ सावळीराम म्हणाले. ‘‘पासपोर्ट चोरीला गेलाय साहेब, पण बाई ही आहे.’’

कारकुनाचं बोट यादीवरून खाली सरकलं आणि थांबलं. ‘‘ही पॅसेंजर गेली वर.’’

‘‘ती चोर आहे!’’

‘‘ओ बाबा, हळू. मी स्वतः बघितलंय. सकाळी आम्ही दार उघडायच्या आत येऊन बसली होती, एकटीच. फोटो बघितला, तोंड बघितलं. हनुवटीवरचा व्रणसुद्धा जुळला. ही बघा सही.’’

विमलने वाकून सही पाहिली. तिचीच होती. तिने ती केव्हा केली एवढंच तिला आठवेना.

कारकुनाने मान वर करून प्रथमच तिच्याकडे नीट बघितलं. त्याचा आवाज मऊ झाला.

‘‘तुम्ही त्यांच्या थोरल्या बहीण का?’’

विमलने हनुवटीवरच्या व्रणावरून बोट फिरवलं.

कारकुनाचे वरचे साहेब जेवायला गेले होते. ते आले, त्यांनी ऐकून घेतलं, यादी मागवली आणि पुन्हा मिटली. पोलिसात जा, म्हणाले. तोवर साडेतीन झाले होते.

चार वाजता भोंगा वाजला.

वर कठड्याला माणसं चिकटली होती. कुणी रुमाल हलवत होतं, कुणी नुसतंच रडत होतं.

त्यांच्यात पोपटी साडी होती.

वाऱ्याने उडणारे केस तिने एका हाताने धरले होते. ती हसत होती. पुष्कळ झोप झालेल्या माणसासारखा तिचा चेहरा होता. तिने दुसरा हात वर केला.

सावळीरामांनीही हात वर केला.

‘‘मामंजी,’’ विमल म्हणाली. ‘‘कुणाला हात करताय?’’

‘‘सूनबाईला,’’ ते म्हणाले.

हात खाली घ्यायला त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी शेजारी पाहिलं, आणि पुन्हा धक्का सोडणाऱ्या बोटीकडे पाहिलं. घड्याळ काढलं नाही.

पोलिसांना द्यायचा अर्ज त्यांनी घरी आल्यावर तीनदा लिहायला घेतला. ‘माझी सून विमल हिच्या नावावर दुसरीच बाई’ इथपर्यंत यायचे आणि टाक खाली ठेवायचे. शेवटी अर्ज राहिलाच. विमल पहाटे चारला उठून पाणी भरत होती, लताचा डबा करत होती. तिला आता हाका मारायचे, पण त्यात नाव नसायचं. ‘अगं.’ ‘जरा इकडे.’ ‘चहा टाका.’ लता तिला अहो-जाहो करायला लागली होती. चतुराबाईंचा डोळा छान बसला होता. त्या तांदळातले खडेसुद्धा निवडायच्या.

चौथ्या आठवड्यात सहादूचं पत्र आलं. जेवणं उरकल्यावर लताने ते मोठ्याने वाचलं.

विमल सुखरूप पोहोचली, असं त्यात होतं. बोट तिला मुळीच लागली नाही. खोली लहान आहे, पण तिने दोन दिवसांत आपलीशी केली. शेजारच्या बायकांना ती ठेचा करून घालते. सारखी हसते. लग्नानंतर चार महिन्यांत आपल्याला ही नीट कळलीच नव्हती, असं वाटतं.

लता थांबली. खाली चार ओळी वेगळ्या अक्षरात होत्या. तिने त्याही मोठ्याने वाचल्या, मग कागद विमलपुढे धरला. अक्षर विमलचंच होतं.

‘मामंजी आणि आत्याबाईंना नमस्कार. इकडे मला गाढ झोप लागते. तिकडे जी राहिली आहे तिच्यावर रागावू नका. ती फार दमली आहे. दुपारी तिला आडवं होऊ द्या. आणि एकदा तिचा डोळा लागला की मग तिला उठवू नका.’

पत्राची घडी घालून विमलने ते खाली ठेवलं. तिला खरोखरच झोप येत होती.

दुपारचा एक वाजला होता. लताने न विचारता तिची गादी पसरली. सावळीराम पाय न वाजवता बाहेर गेले, आणि चतुराबाईंनी उठून खिडकी लावून घेतली.