पुंजण्याशेजारचा धूर

"पहिलं गाणं मी लावणार!" टीना दारातूनच ओरडली.

"तू काहून? गाडी माझ्या बाबांची आहे," वीरेंद्र म्हणाला.

"मग माझे काय ते शेजारी आहेत का बे?"

बहीण-भावाचं हे भांडण रंगात आलं असतानाच गुंजनने कान टवकारले. गल्लीच्या टोकाकडून ढोल-ताशांचा दणदणाट येत होता. खिडकीतली भांडी थरथरायला लागली. "आली! गाडी आली!" करत तिघेही रस्त्यावर धावले.

गुंजन भंडाऱ्याची, यंदा सातवीत. दिवाळीच्या सुट्टीत ती कोंढ्याला मोठेबाबांकडे, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाकडे आली होती. मोठेबाबांचं नाव यादोराव. माणूस दिलदार, पण जिभेला हाड नाही. एकदा बोलून गेले की शब्द मागे घेणं त्यांच्या गावीही नसायचं. त्यांची पिकअप गाडी वीरेंद्रहून थोरली होती. दारं दोरीने बांधलेली, हॉर्न लहर आली तर वाजणारा. पण परवावर मंडई आली होती! भाऊबीज झाली की या भागात गावोगाव मंडई भरते, दंडारीची पथकं नाचतात, नाटकं होतात, पाहुण्यांनी घरं भरून जातात. अशा वेळी गाडीत कॅसेटचा मुका टेप असलेला यादोरावांना कसा खपावा?

"बाप्पा! केवढी स्क्रीन आहे!" वीरेंद्रचे डोळे विस्फारले.

जुन्या टेपची जागा तळहाताएवढी आणि नवी स्क्रीन ताटलीएवढी. म्हणून बाजारातल्या टेपवाल्या प्रविणने करवतीच्या पात्याने डॅशबोर्डच कापून काढला होता. कापलेल्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या दिसत होत्या आणि खाली वायरींचा गुंता लोंबत होता. मागे हौद्यात बेसची भलीमोठी काळी पेटी बसवली होती. तिच्यासाठी एक जाड तांबडी वायर बॅटरीपासून सीटखालून मागे नेली होती.

"फ्यूज घडीघडी उडत होता," यादोराव अभिमानाने सांगत होते, "तं प्रविण म्हणे, भाऊ, झंझटच नको. फ्यूज काढून टाकला अन् डायरेक्ट बॅटरीवरून लाइन देली! पोट्टा हुशार आहे."

"पण मोठेबाबा, फ्यूज कायले उडत होता?" गुंजनने विचारलं.

"आता उडत नाही ना? मंग झालं!"

खळ्याकडे जाताना पहिल्याच खड्ड्यात स्क्रीन काळी झाली. क्षणभराने पुन्हा उजळून 'वेलकम' म्हणाली. दुसऱ्या खड्ड्यात तेच. यादोरावांनी तिला एक चापट मारली. "नवीन आहे. रुळेल हळूहळू."

नव्याची नवलाई होती, कोणी मनावर घेतलं नाही. गाडी खळ्यात उभी राहिली. शेजारीच धानाचं पुंजणं होतं. कापलेल्या धानाच्या पेंढ्या रचलेला तो उंच ढीग म्हणजे घराचा वर्षाचा भात. मंडईला बायका-पोरांना बसायला मऊ व्हावं, म्हणून हौद्यात तणस, म्हणजे धानाचा सुका पेंढा पसरला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, शिंगाडे सोलत बसले होते. एवढ्यात खळ्याकडून आरोळी आली, "आग! धावा गा, आग!"

तिघं पोचली तेव्हा म्हातारे गोमाजी गाडीच्या हौद्यात उभे राहून ओल्या पोत्याने तणस झोडपत होते. जळकं तणस ते हातांनीच उचलून बाहेर भिरकावत होते. पुंजण्यापासून धूर दोन हातांवर! पण म्हाताऱ्याने आग विझवली. मग ते खाली उतरले आणि चाकाला टेकून बसले. त्यांच्या दोन्ही तळव्यांना फोड आले होते.

गोमाजी या घरच्या खळ्याची राखण करायचे. पोरं त्यांना आबाजी म्हणायची, आणि यादोरावही त्यांना 'तुम्ही' म्हणायचे. पण जेवण टाकून धावत आलेल्या यादोरावांना फक्त काळं तणस दिसलं.

"बिडी वढली तू! पुंजण्यापाशी बिडी वढली!"

'तू' ऐकून गुंजन चमकली. भोवती अर्धं गाव जमलं होतं.

"नाही वढली, यादोराव," गोमाजी हळूच म्हणाले.

"मंग आग काय आभाळातून पडली? इथं दुसरं होतं कोण?"

कोणीतरी खळ्याच्या कोपऱ्यातून बिडीचं थोटूक शोधून आणलं. आता गावात थोटूक कुठे सापडत नाही? पण तेवढं पुरलं. "आता खळ्यात पाय ठेवू नको माझ्या!" यादोराव कडाडले.

गर्दीत गोमाजींची बायको कौशल्याबाई उभी होती. ती घरी बिड्या वळायची. छातीच्या दुखण्यातून उठल्यावर गोमाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवून बिडी सोडली होती, हे साऱ्या गावाला माहीत होतं. सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिने एकदाच नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि एक शब्दही न बोलता ती घरी निघून गेली. गोमाजी तिच्या पाठीकडे बघत राहिले. मग तेही उठले, भाजलेले हात छातीशी धरून चालायला लागले.

ज्याने वर्षाचा भात वाचवला त्यालाच आग लावणारा ठरवलं होतं!

"आबाजी खोटं बोलत नाहीत," गुंजन म्हणाली.

"बाबा पण कायले खोटं बोलतील?" वीरेंद्र कुरकुरला.

"खोटं नाही बोलले. न बघता बोलले. चल, आपण बघू."

गर्दी पांगल्यावर तिघं हौद्यात चढली. पेटीशेजारी अजून थोडं तणस उरलं होतं. गुंजनने ते अलगद उचललं आणि तिथेच थांबली.

"वीरू, हे बघ. वरून पिवळंधमक आणि खालून कोळसा!"

"मंग?"

"अरे, बिडी वरून पडली असती तर आधी वरचं जळलं असतं ना! ही आग खालून लागली."

"अन् वास कसा येऊन राहिला," टीना नाक दाबत म्हणाली. "प्लास्टिकचा!"

वीरेंद्रने पेटी सरकवायला खांदा लावला. पेटी हलली. मागे पत्र्याला पाडलेल्या भोकातून ती तांबडी वायर येत होती. भोकाच्या धारेवर घासून तिचं आवरण फाटलं होतं आणि आतलं तांबं लख्ख चमकत होतं. तिथला पत्रा काळाठिक्कर पडला होता.

"हात लावू नको!" गुंजन टीनाला मागे ओढत ओरडली. "ही बॅटरीतून थेट येते. गाडी बंद असली तरी चालूच! पत्र्याला टेकली की ठिणगी. फ्यूज असता तर तो उडाला असता आणि सगळं तिथेच थांबलं असतं."

"म्हणून खड्ड्यात स्क्रीन जाते!" वीरेंद्र पुटपुटला. त्याचा चेहरा पडला. "पण बाबाले सांगितलं तं ते टेपच काढून टाकतील."

"टेप पाहिजे का आबाजी पाहिजेत?"

वीरेंद्रने मान खाली घातली. "चल, सांगू."

पण सांगून उपयोग काय? यादोरावांनी अर्ध्यातच तोडलं. "पोट्टे हो, तुमाले काय समजते?" तरी त्यांनी प्रविणला फोन लावला, तोही सगळ्यांना ऐकू येईल असा.

"भाऊ, वायर एक नंबर आहे," पलीकडून प्रविण म्हणाला. "पोरायचं काय आयकता!"

"आयकलं? उद्या मंडईले निघाचं आहे. जा, नवीन तणस आणा अन् हौद्यात टाका."

नवीन तणस! उद्या त्यावर मोठीआई, म्हणजे टीना-वीरेंद्रची आई बसणार, शेजारच्या बायका बसणार, त्यांच्या मांडीवर लेकरं! गुंजनने दोघांना पडवीत ओढलं.

"मोठेबाबांना सांगून पटत नाही. डोळ्यांनी दाखवायला हवं."

"कसं?"

"त्यांना सगळ्यात जास्त काय आवडतं?"

"स्वतःचा फोटो," टीना पटकन म्हणाली.

दिवेलागणीच्या सुमारास टीना लाडात येऊन बापाच्या गळ्यात पडली. "बाबा, आपल्या नव्या टेपचा व्हिडिओ काढू ना! तलावाच्या पारीवर. मंडईच्या आधी साऱ्या गावाले पाठवू!"

यादोरावांनी लगेच मिशीवरून हात फिरवला.

"पण हौदा साफ पाहिजे, बाबा," वीरेंद्र गंभीरपणे म्हणाला. "व्हिडिओत कचरा दिसते."

आणि काय सांगावं, यादोरावांनी स्वतः झाडू घेऊन तणसाची काडी न काडी काढली! वीरेंद्रने व्हिडिओ चालू करून दुपट्ट्याने मोबाइल हौद्याच्या दांडीला बांधला. तोंड त्या भोकाकडे. पोरं पुढे केबिनमध्ये दाटीवाटीने बसली. गुंजनच्या पायाशी एक बादली होती.

"हे रेती कायले घेतली?"

"रांगोळीत भरायला, मोठेबाबा."

"शहरातल्या पोरी काय करतील नेम नाही," म्हणत यादोरावांनी गाणं लावलं आणि गाडी पारीवर घातली. पारीचा रस्ता म्हणजे खड्डाच खड्डा. दण्! स्क्रीन काळी. "वेलकम!" दण्! पुन्हा काळी. वीरेंद्रने खिशातला पाना घट्ट धरून ठेवला होता. गुंजनची नजर मागच्या काचेवरून हलत नव्हती. तिला भीती वाटत होती, आणि आपलं चुकलं तर आबाजींचं काय होईल याची त्याहून जास्त.

मोठ्या खड्ड्यात गाडी आदळली. स्क्रीन गेली ती आलीच नाही. सीटच्या मागून काळा धूर भसकन वर आला.

"बाबा, थांबवा!"

यादोरावांनी करकचून ब्रेक दाबला. "उतरा! उतरा सारे!" पोरं खाली उड्या मारून बाहेर आली. यादोराव मात्र बॉनेटसमोर उभे राहून नुसते बघत राहिले.

"हा घ्या पाना!" वीरेंद्रने बॉनेट उघडलं. "मायनस काढा, बाबा! आधी मायनस!"

यादोरावांनी नट ढिला केला आणि बॅटरीची वायर ओढून काढली. तोवर गुंजनने सीटमागे दोन्ही हातांनी रेती टाकायला सुरुवात केली होती. टीना ओंजळी भरभरून देत होती. धूर विरळ झाला. मग थांबला. पारीवर एकदम शांतता पसरली.

वीरेंद्रने मोबाइल सोडून आणला आणि बापासमोर धरला. अंधारलेल्या हौद्यात प्रत्येक धक्क्याला भोकापाशी नारिंगी ठिणग्या उडत होत्या. एकदा, दोनदा, मग सतत.

यादोराव मटकन खाली बसले. "उद्या... उद्या सारं घर तणसावर बसणार होतं," ते म्हणाले. घाम पुसायचंही भान त्यांना राहिलं नव्हतं. मग त्यांनी तिघांना जवळ ओढलं. "शाबास रे माझ्या वाघांनो! तुमच्यानं आज घर वाचलं. उद्या त्या प्रविणले बोलावतो अन् सारं उपडून फेकतो. काय बक्षीस पाहिजे, सांगा!"

"बक्षीस नको," गुंजन म्हणाली. "दुपारी पुंजणं आबाजींनी वाचवलं. आणि तुम्ही त्यांना साऱ्या गावापुढे बोललात."

"हाव... पाहू ना. सकाळी पाहू."

"बोलायला सकाळपर्यंत थांबला होता का, मोठेबाबा?"

असं यादोरावांना कोणी बोललं नव्हतं. मग ते उठले, गाडी तशीच सोडली आणि गावाच्या दिशेने चालायला लागले. पोरंही मागोमाग निघाली.

गोमाजींच्या ओट्यावर दिवा जळत होता. कौशल्याबाई मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होती. गोमाजी भिंतीला टेकून बसले होते, हातांना ओलं फडकं गुंडाळून. दोघांच्या मध्ये भाताचं ताट होतं. दुपारी वाढलेलं, न शिवलेलं. तशा हातांनी जेवणार कसे, आणि भरवणार कोण? शेजारीपाजारी यादोरावांना पाहून दारात आले.

"गोमाजी," यादोराव मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आग माझ्या टेपच्या वायरनं लागली. तुमच्या बिडीनं नाही. या पोरायनं दाखवून देलं. तुमी माझं धान वाचवलं अन् मी तुमाले नाही नाही ते बोललो. चुकलं माझं."

गोमाजींनी मान वर केली. ते रागावलेले दिसत नव्हते, फार थकलेले दिसत होते.

"मले कायले सांगता, यादोराव?" ते म्हणाले. "मले तं माहीतच होतं. तिले सांगा."

यादोराव कौशल्याबाईकडे वळले. त्यांनी हात जोडले. "वैनी, यायनं शपथ नाही मोडली."

कौशल्याबाईच्या हातातलं तेंदूचं पान तसंच राहिलं. "म्या सुपातल्या बिड्या मोजल्या, गुंजन," ती पोरीलाच म्हणाली, कारण नवऱ्याकडे बघणं तिला जमेना. "दुपारपासून दोनदा मोजल्या. एकबी कमी नव्हती. तरी म्या याच्याशी बोलली नाही वो."

"बोल मंग आता," गोमाजी म्हणाले.

तिने सूप खाली ठेवलं. डोळे पदराने पुसले. उठून तिन्ही पोरांच्या डोक्यांवरून हात फिरवला. "देव तुमाले मोठं करो, बाबू हो. तुमी पाहिलं. आमी मोठ्यायनं पाहिलंच नाही."

वीरेंद्रने मान खाली घातली. टीना गुंजनचा हात धरून उभी राहिली. यादोराव ओट्याच्या पायरीवर बसले.

कौशल्याबाईने गार भाताचं ताट आत नेलं आणि गरम भात वाढून आणला. ती नवऱ्यासमोर बसली, भात कालवला आणि पहिला घास त्यांच्या तोंडाशी नेला. एवढ्या लोकांसमोर भरवून घ्यायचं म्हणून म्हातारा लाजला, पण त्याने तोंड उघडलं.