व्रणस्मृती

"कालव्याचं दार सताड उघडं, अन् शेताकडच्या चारीत घोटा भिजंना. आता पाण्यानंबी आपल्याशी अबोला धरला म्हणायचा!" हौसाक्का नवऱ्याच्या कानाशी पुटपुटल्या.

नवरा म्हणजे निवृत्तीअण्णा, कालव्याच्या माथ्याकडच्या गावाच्या पाणी सोसायटीचे चेअरमन. त्यांची नजर काठावर उकिडव्या बसलेल्या डॉ. शैलजा ढेपेवर होती.

कालव्याला आता जिवंत अस्तर होतं. सिमेंटात जिवाणू झोपवलेले. तडा जाऊन पाणी शिरलं की ते जागे होत, चुना तयार करत आणि तडा सांधत. शैलजानं त्यांना आणखी एक गुण दिला होता, व्रणस्मृती. एकाच जागी पुन्हा पुन्हा घाव बसला, तर अस्तर तिथं दर खेपेला जास्तच भरून येई. खुरप्यानं तळहाताला घट्टे पडतात, तसंच.

"चारीचं तोंड बुजलंय, अण्णा. करंगळीएवढं राहिलंय."

"तूच काहीतरी केलंस. तू शेवटाकडच्या गावची."

"मी कशाला? पाण्याची पाळी सुटायच्या आदल्या दिवशी पहारीनं तोंड मोठं करून आमच्या वाटणीचं पाणी ओढायची रीत कुणाची? बारा पाळ्या झाल्या. अस्तरानं एकही घाव सोडला नाही."

"आम्ही पहार चालवणार, हे ठाऊक होतं तुला."

"लहानपणापासून." ती गोड हसली. "म्हणून तर पहिलं अस्तर तुमच्याच दारात घातलं."

मागं अण्णांची घड पोसायला लागलेली केळी उभी होती. आठवड्यात ती माना टाकणार होती.

"फोडून काढू."

"फोडा. आणखी भरेल." तिनं पिशवीतून एक कॅन काढला. "हे द्रावण ओतलं की अस्तर घाव विसरतं, मग फोडलेलं पुन्हा भरत नाही. पण आधी सांगा, सोळा वर्षांपूर्वी माझे बाबा तुमची पहार अडवायला इथं आले होते. पट्टीचा पोहणारा माणूस कंबरभर पाण्यात बुडतो?"

"पाय घसरला त्याचा. पंचनाम्यात..."

"पंचनामा पाठ आहे मला."

तिनं टोपणभर द्रावण वाळूत ओतलं. वाळूनं ते पिऊन टाकलं.

"हे तयार व्हायला चार महिने लागतात, अण्णा." दुसरं टोपण. तिसरं.

अण्णांनी केळीकडं पाहिलं, मग पायांकडं.

हौसाक्कांनी पदर खोचला आणि नवऱ्याला बाजूला सारून त्या पुढं आल्या.

"घसरला नव्हता, बाई. ह्यांनी डोक्यात पहार घातली. मी भाकरी घेऊन इथंच उभी होते."