रिकाम्या खोलीतली धूळ

ही गोष्ट खरी आहे. ज्याला खोटी वाटते त्यानं त्या खोलीत एकट्यानं बसून दाखवावं आणि मग तोंड उघडावं.

रात्रीची नाही, भरदिवसाची आहे. २०२४ चा मे महिना, शेंद्र्याची एमआयडीसी.

माझी नणंद प्रांजली तिथं एका सेमीकंडक्टर कंपनीत डेटा अ‍ॅनालिस्ट आहे. तिनं जसं सांगितलं तसंच सांगते. राग मात्र थोडा माझाही आहे.

त्या वर्षी दुष्काळानं जीव नकोसा केला होता. करमाडकडच्या गावांत टँकरवर भांडणं, शहरात आमच्या उस्मानपुऱ्यात आठ-आठ दिवस नळ कोरडा. आणि कंपनीत चिप धुवायला पाणी कसं, तर आरशासारखं स्वच्छ.

प्रांजलीचं काम सोपं करून सांगते. सिलिकॉनच्या पातळ चकतीतून शेकडो चिप कापतात. शंभरातल्या किती चांगल्या निघाल्या, ते यील्ड. ते वाढवायचं. त्यासाठी मशीनमधले आकडे जमवायचे, धूळ, ओल, तापमान, आणि बिघाड नेमका कुठं होतो ते शोधायचं.

त्या महिन्यात यील्ड घसरलं होतं.

प्रांजलीनं आकडे चाळले. खराब चिप सगळ्या एकाच खोलीतल्या निघाल्या. चिपला ओल लागू नये म्हणून त्या खोलीत नायट्रोजन सोडतात. वेळही एकच... पहिली पाळी सुटल्यावर, दुसरी सुरू होण्याआधी.

तेव्हा त्या खोलीत कुणीच नसतं. दाराला कुलूप असतं.

तरी आतली धूळ वाढायची. हवेतली ओल वाढायची.

माणसाच्या अंगावरून जेवढी धूळ झडते तेवढीच धूळ. माणसाच्या श्वासानं जेवढी ओल येते तेवढीच ओल.

एका माणसाची...

त्या खोलीत कोण बसायचं हे प्रांजलीला माहीत होतं.

रत्नमाला. करमाडजवळची, मेंढरं राखणाऱ्या घरातली, कंत्राटावर लागलेली. आदल्या मे महिन्यात ती त्याच खोलीत खुर्चीवरून खाली पडली आणि उठलीच नाही. कंपनी म्हणाली, ऊन लागलं.

एसीच्या खोलीत बसलेल्या बाईला ऊन लागलं म्हणे. सांगणाऱ्याला लाज नाही आणि लिहून घेणाऱ्यालाही नाही.

खरं काय ते अख्ख्या कंपनीला ठाऊक होतं. नायट्रोजन वाढला की ऑक्सिजन कमी होतो. माणसाला काही कळत नाही, वास येत नाही, माणूस झोपल्यासारखा जातो. त्यासाठी खोलीत अलार्म असतो. तो प्रॉडक्शन मॅनेजर घुगे साहेबांनी बंद करून ठेवला होता. तो वाजला की लाईन थांबते, लाईन थांबली की यील्ड पडतं.

आता त्याच खुर्चीवर आफरीन बसत होती.

"दीदी, वहाँ बैठे तो सर लई दुखता," ती प्रांजलीला म्हणाली. "नींद आती."

प्रांजली तडक घुग्यांच्या केबिनमध्ये गेली. "सर, अलार्म आजच्या आज चालू करा."

"आधी यील्ड वर आण. मग बघू."

"यील्ड का पडतंय तेच दाखवते. चला माझ्याबरोबर."

पहिली पाळी सुटली. तिघं काचेबाहेर उभी राहिली. घुगे, प्रांजली आणि आफरीन. आत कुणी नव्हतं. दिवे चालू, खुर्ची रिकामी.

स्क्रीनवर धुळीचा आकडा चढायला लागला...

"मशीन बिघडलंय तुझं," घुगे म्हणाले. अंगावरची धूळ झडू नये म्हणून घालतात तो पांढरा सूट चढवून, दार उघडून आत गेले. कोपरे पाहिले, टेबलाखाली वाकून पाहिलं. हात हलवून दाखवला, काही नाही म्हणून.

मग दाराशी आले आणि वळून हसत रिकाम्या खुर्चीला म्हणाले, "काय रत्नमालाबाई, येतो बरं का."

आपल्यात निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही. 'येतो'च म्हणतात. थट्टेतही जिभेवर तेच येतं.

आतून आवाज आला...

"या."

घरातल्या बाईनं पाहुण्याला म्हणावं तसा. साधा. तिघांनी ऐकला.

घुग्यांचा हात दारावर होता. तो खाली आला. ते वळले. कुणी हाक मारल्यावर माणूस निमूट जातो तसे परत आत गेले आणि त्या खुर्चीवर बसले.

बसले... आणि त्यांची मान हळूहळू खाली जायला लागली.

प्रांजली मला खोटं सांगत नाही. ती म्हणाली, "वहिनी, क्षणभर वाटलं, बसू दे मेल्याला. कळू दे."

पण आफरीन पळत आत शिरली. तिला काही झालं तर! प्रांजलीही श्वास धरून धावली. दोघींनी घुग्यांना फरफटत बाहेर काढलं.

शुद्धीवर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "ती या म्हणाली. नाही कसं म्हणणार?"

त्याच संध्याकाळी अलार्म जोडला.

जोडल्या जोडल्या वाजला.

गळती शोधली, सापडली नाही. नायट्रोजनचा वॉल्व्ह बंद करून पाहिला. तरी पाळी सुटली की त्या रिकाम्या खोलीतला ऑक्सिजन उतरायचा. सरळ नाही. थोडा खाली, थोडा वर... पुन्हा खाली...

कुणीतरी धापा टाकावी तसा.

याचा उलगडा आजवर झालेला नाही. कंपनीनं मात्र उपाय शोधला. घुग्यांची बदली पुण्याला, बढतीवर. आणि अलार्म पुन्हा बंद, कारण लाईन थांबत होती. प्रांजली त्यावरून रोज भांडते. साहेब लोक भांड म्हणतात, आणि कामाला लागतात.

आफरीननं काम सोडलं. तिच्या जागी फुलंब्रीची सत्यभामा आली. प्रांजलीनं तिला पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं आणि त्या खोलीत एकटी बसू नको म्हणून बजावलं.

"ताई, काम सोडून कसं चालंल? गावात प्यायला पाणी नाय," सत्यभामा म्हणाली. "अन् एकटी कुठं बसते मी? ती एक बाई असती की संगतीला. लई धापा टाकती बिचारी. तिला आधी कुणीतरी दवाखान्यात न्या."

सत्यभामा अजून त्याच खोलीत कामाला आहे.