लँटर्न हॉलविरुद्ध सत्तावन्न तक्रारी

ही घटना खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण मला समजवायला येऊ नका.

ज्याच्या बाबतीत घडली तो ॲलन हेस्केथ माझ्यासोबत एकवीस वर्षं एकाच खात्यात होता. फुगवून सांगणं त्याला कधी जमलं नाही. मोजायचं आणि मोजलेलं लिहायचं, एवढंच त्याने आयुष्यभर केलं.

गाव ऑल्डरस्टन. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरचं.

तारीख सोळा नोव्हेंबर दोन हजार सतरा. गुरुवार. रात्रीचे अकरा वाजून पाच मिनिटं.

त्या वेळी चॅपल स्ट्रीटवरच्या फ्लॅट नंबर चारमध्ये कोणीही नव्हतं. एवढं आधी लक्षात ठेवा.

ॲलन नगरपालिकेचा आवाज-तपासनीस. कुणाच्या कुत्र्याचा, कुणाच्या कारखान्याचा, कुणाच्या गाण्याचा त्रास होतो म्हणून तक्रार आली की तो यंत्र घेऊन जायचा. त्याची बायको शीला आदल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये गेली. तेव्हापासून तो ऑफिसात सगळ्यांच्या आधी यायचा आणि सगळ्यांच्या नंतर जायचा. कारण कोणी विचारलं नाही. घरी काय आहे ते आम्हाला माहीत होतं.

घरी काहीच नव्हतं.

लँटर्न हॉल मॉरीन डगडेलचा. तिच्या आजोबांनी बांधलेला. शनिवारी जोडीचा नाच, शुक्रवारी बँड, बाकीचे दिवस गावातली पोरंटोरं. गावात रात्री आठनंतर जावं अशी ती एकच जागा उरली होती. ॲलन आणि शीला तिथंच भेटले होते.

मॉरीनच्या बापाने छप्पर दुरुस्त करायला हॉलची एक बाजू बिल्डरला विकली. अनेक वर्षं पडून राहिल्यावर तिथं आठ फ्लॅटची इमारत उभी राहिली. इमारत झाली तशी बिल्डरने मागणी केली, आणि नगरपालिकेने हॉलची वेळ दोनवरून एकवर आणली.

त्यानंतर पत्रकं यायला लागली.

आमच्याकडे पद्धत अशी. तक्रारदाराला छापील पत्रकं पाठवायची. त्याने ती भरून परत करायची. पाच रकाने. तारीख. वेळ. कसला आवाज. किती वेळ. तुमच्यावर परिणाम.

पहिल्या खेपेला नऊ आली. सगळी फ्लॅट नंबर चारमधून, तक्रारदार बाईचं नाव ई. पिलिंग. नगरपालिकेने वेळ एकवरून बारावर आणली.

मग सतरा आली. वेळ बारावरून अकरावर गेली.

मग एकतीस.

आता परवाना समितीपुढे एकच प्रश्न होता. लँटर्नचा परवाना ठेवायचा की रद्द करायचा.

मॉरीन ऑफिसात आली ती कोट न काढताच बसली. अकरा वाजता बंद होणाऱ्या हॉलमध्ये बँड येत नाहीत, बँड नाहीत म्हणून माणसं नाहीत, हे सगळं तिने सांगून झालं. मग म्हणाली, "राजा, ही पिलिंग कोण ते मला एकदा दाखव. चौसष्ट वर्षं मी या रस्त्यावर राहतेय. या नावाचं मांजरसुद्धा मी पाहिलेलं नाही."

"नाव सांगता येत नाही, मॉरीन. तुला ते कळलं कसं तेच मी विचारायला हवं."

"बिल्डरचं माणूस आहे ते. भाड्याने बसवलेलं. तू शीलाचा नवरा आहेस म्हणून सांगते, नाहीतर थेट पेपरात गेले असते."

ॲलनलाही तोच संशय होता. त्या रात्री तो सत्तावन्न पत्रकं घेऊन ऑफिसातच थांबला. खरं सांगायचं तर ती पत्रकं कोणी नीट वाचलीच नव्हती. आमच्याकडे पत्रक आलं की संगणकात एक आकडा चढतो. तक्रार, एक. संपलं.

त्याने वाचली.

वेळ पहिल्या नऊ पत्रकांवर एक वाजून पाच. पुढच्या सतरांवर बारा वाजून पाच. शेवटच्या एकतीसांवर अकरा वाजून पाच.

म्हणजे दर वेळी हॉल बंद झाल्यावर पाच मिनिटांनी.

कसला आवाज, या रकान्यात प्रत्येक पत्रकावर एकच शब्द होता. 'थांबला.' कारकुनांना वाटलं होतं, नंतर थांबला असं म्हणायचं असेल. किती वेळ, त्यापुढे 'सकाळपर्यंत'. परिणाम, त्यापुढे 'झोप नाही'.

अकराला बंद झालेला हॉल सकाळपर्यंत कसा वाजेल?

खोटारडी बाई, असं ॲलनच्या मनात आलं. खोटं बोलायचं तर निदान हिशेबाने बोलावं.

दुसऱ्या दिवशी तो यंत्र घेऊन चॅपल स्ट्रीटवर गेला. इमारतीची देखरेख करणारा विटोल्ड नावाचा पोलिश माणूस त्याला घेऊन वर निघाला, पण फ्लॅट चार म्हटल्यावर जिन्यातच थांबला.

"चार विकला गेलेला नाही, साहेब. तिथं कोणी राहत नाही. कधीच नाही."

"मग आम्ही पाठवतो ती पत्रकं?"

विटोल्डने खांदे उडवले. टपाल येतं, पेटीत पडतं, दोन दिवसांनी पेटी रिकामी असते. बिल्डरच्या ऑफिसातलं कोणी नेत असेल, असं तो समजत होता.

फ्लॅटमध्ये काही नव्हतं. गालिचा नाही, पडदे नाहीत, विजेची जोडणीसुद्धा नाही. सिमेंटचा वास. एक खिडकी, आणि समोर हॉलला लागून असलेली भिंत.

ॲलनने विटोल्डकडे पाहिलं. चावी याच्याकडे. बिल्डरचा पगार खाणारा हाच. लिहीत असेल तर हाच.

त्याने खिडकीच्या कट्ट्यावर यंत्र ठेवलं. त्याला बॅटरी असते आणि वायरच्या टोकाला एक बटण. आवाज झाला की तक्रारदाराने बटण दाबायचं, यंत्र पाच मिनिटं ऐकून ठेवतं. मग त्याने दार ओढून कुलूप लावलं, फटीवर कागदाची पट्टी चिकटवली आणि पट्टीवर आडवी सही केली. चावीही मागून घेतली.

"माझ्यावर विश्वास नाही?" विटोल्डने विचारलं.

"माझा आता कोणावरच नाही."

सात दिवसांनी तो परत गेला.

पट्टी तशीच होती. सही जिथल्या तिथं. फाटलेली नाही, उचकटलेली नाही.

आत यंत्रावर हिरवा दिवा लुकलुकत होता.

सात वेळा बटण दाबलं गेलं होतं. सातही वेळा अकरा वाजून पाच मिनिटांनी. पहिली वेळ सोळा नोव्हेंबरची.

ॲलनने ते ऑफिसात ऐकलं. दिवसाढवळ्या. जेवणाच्या सुट्टीत, कानाला हेडफोन लावून, बाजूला चिप्सचा पुडा उघडा.

पहिल्या रात्री काहीच नव्हतं.

पण काहीच नसणं म्हणजे काय ते त्याच्याइतकं कोणाला माहीत? रिकाम्या खोलीलासुद्धा आवाज असतो. पाइप वाजतात, रस्त्यावरून गाडी जाते, समुद्रावरचा वारा येतो. इथं यातलं काहीच नव्हतं. यंत्रावरचा आकडा इतका खाली होता की त्याने दोनदा यंत्र बिघडलं का ते तपासलं.

बिघडलं नव्हतं.

चौथ्या मिनिटाला...

खुर्ची करकरली.

कोणी बसल्या जागी जरा सावरून बसावं, तशी.

त्या फ्लॅटमध्ये खुर्ची नव्हती.

दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री तेच. सहाव्या रात्री खुर्ची सरकली.

सातव्या रात्री... बुटांचा आवाज. बायकी बूट, बारीक टाचांचे. लाकडी फरशीवर वाजतात तसे. एक पाऊल. दुसरं. यंत्राच्या अगदी जवळ येऊन थांबले.

मग कोणीतरी श्वास आत घेतला. बोलायला तोंड उघडण्याआधी घेतात, तसा.

आणि पाच मिनिटं संपली.

ॲलनने चिप्स खाल्ल्या नाहीत.

तो तडक मॉरीनकडे गेला. श्वासाबद्दल एक शब्दही न बोलता त्याने एवढंच विचारलं, विकलेल्या बाजूला पूर्वी काय होतं?

मॉरीन हसली. "विसरलास? बायकांच्या खुर्च्या होत्या तिथं. भिंतीला लागून लांबलचक रांग. ज्यांना कोणी नाचायला विचारलं नाही त्या तिथं बसायच्या. पर्स मांडीवर आणि नजर दाराकडे."

"आणि पुरुष?"

"पुरुष काय, तुझ्यासारखेच. समोरून जाताना म्हणायचे, पुढच्या गाण्याला येतो हं. आणि पुढच्या गाण्याला भलतीकडेच." मग म्हणाली, "तुला त्या रांगेची गरज पडली नाही. शीला तुला दारातच भेटली."

दारात शीला भेटायच्या आधी, त्याच रात्री, त्याच रांगेपुढून जाताना ॲलन कोणाला तरी तेच म्हणाला होता. सगळेच म्हणायचे. कोणाला म्हणाला ते त्याला आठवत नव्हतं. चेहरासुद्धा नाही.

सुनावणी डिसेंबरात झाली, सकाळी दहाला. सहावा विषय होता गावाच्या रात्रजीवनाचं सांस्कृतिक मूल्य. बाहेरून नेमलेल्या कोणीतरी शेहेचाळीस पानांचा अहवाल लिहिला होता. सभापती मिसेस थ्रेलफॉल यांनी त्याची तोंड भरून स्तुती केली. लँटर्नमुळे गावाला गाव म्हणतात, त्यांच्या आईवडिलांचं लग्नही तिथल्याच ओळखीतून झालं, असं म्हणून त्यांनी डोळे टिपले.

सातवा विषय होता लँटर्नचा परवाना.

ॲलन उभा राहिला. फ्लॅट चार रिकामा आहे, तरी सात रात्री त्या बंद खोलीत यंत्राचं बटण दाबलं गेलं, हे त्याने सांगितलं. मग म्हणाला, "मॅडम, आपण यातलं एक पत्रक मोठ्याने वाचावं. कोणतंही."

त्यांनी वाचलं. वेळ अकरा पाच. कसला आवाज, थांबला. किती वेळ, सकाळपर्यंत.

"ही हॉलविरुद्धची तक्रार नाही," ॲलन म्हणाला. "आपण एक तास कापला की पत्रकं वाढतात. तिला त्रास आवाजाचा नाही, मॅडम. तो थांबण्याचा आहे."

मागे कोणीतरी हसलं. मग बिल्डरचा वकील उठला. आवाज अगदी मऊ.

"फ्लॅट बंद. चावी तुमच्याकडे. पट्टीवर सही तुमची. मिस्टर हेस्केथ, त्या सात रात्री तुम्ही कुठे होतात?"

"घरी."

"घरी सोबत कोण असतं?"

उत्तर त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

"तुमची पत्नी तुम्हाला याच हॉलमध्ये भेटली, बरोबर? हॉल बंद होऊ नये असं वाटणारा माणूस, रात्री ज्याला झोप नाही असा माणूस, आम्हाला या खोलीत एकच दिसतो."

मॉरीननेही मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. ती नजर त्याला सगळ्यात जास्त लागली, असं तो नंतर म्हणाला.

परवाना रद्द झाला. तपासनिसाचं कामच संशयास्पद म्हणून पत्रकं बाजूला ठेवली, पण शेजारच्या इमारतीचं भवितव्य पाहता, वगैरे वगैरे. हॉलच्या सांस्कृतिक मूल्याची नोंद घेण्यात आली. जानेवारीत भिंतीवर ऐतिहासिक वास्तूंना लावतात ती निळी पाटी बसवली, आता कुलूप असलेल्या दाराच्या बाजूला.

ॲलनला लवकर निवृत्ती दिली. तो घरी बसला. एक गोष्ट त्याने फक्त मला सांगितली. सुनावणीनंतर त्याने स्वतःच्या हाताने एक कोरं पत्रक भरून पाहिलं. 'थांबला' असं लिहिलं आणि पिलिंगच्या पत्रकाशेजारी धरलं. त्याला स्वतःचाच संशय आला होता.

अक्षर जुळलं नाही.

"जुळलं असतं तर बरं झालं असतं," तो म्हणाला.

फेब्रुवारीत एका सकाळी त्याच्या दाराच्या आत, पायपुसण्यावर, एक घडी केलेला कागद पडला होता. पाकीट नाही. तिकीट नाही.

आमचंच छापील पत्रक. नाव ई. पिलिंग.

पण पत्ता...

पत्ता ॲलनच्या घराचा.

कसला आवाज : थांबला.

किती वेळ : सोळा महिने.

ॲलनने बोटांवर मोजलं. शीला गेल्याच्या ऑक्टोबरपासून या फेब्रुवारीपर्यंत. सोळा.

शेवटचा रकाना, तुमच्यावर परिणाम. तिथं झोपेबद्दल काही नव्हतं. तीन शब्द होते.

'पुढच्या गाण्याला येते.'

तेव्हापासून ॲलनच्या घरात रेडिओ चालू असतो. दिवसा, रात्री, तो आंघोळीला गेला तरी. वीज गेली तर म्हणून बॅटरीवरचा दुसराही आहे. गावातले लोक म्हणतात, बायको गेल्यावर माणसाचं असं होतं. होतं. माझी गेली तेव्हा मीही महिनाभर रेडिओ लावून झोपत होतो. म्हणून दर गुरुवारी मी त्याच्याकडे चहाला जातो.

आम्ही स्वयंपाकघरात बसतो. दोन माणसं, दोन खुर्च्या. बाहेरच्या खोलीत एक जुनी खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली आहे. ती तिथं कोणी लावली ते मी विचारलेलं नाही.

रेडिओ चांगला आहे. गाणी लागोपाठ लागतात. पण एक गाणं संपून दुसरं सुरू होण्याआधी तो क्षणभर गप्प होतो.

त्या क्षणी ॲलन कप खाली ठेवतो आणि बोलणं थांबवतो.

गेल्या गुरुवारपासून मीही थांबवतो.