तिसरी हाक

रागिणीनं शाळेतून तो टॅब घरी आणला, तेव्हा पार्बताबाई ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधत बसली होती.

"हे काय व आणलं? पोळपाट?"

"टॅब हाय आई. पोट्ट्याईले शिकवाले."

रागिणी म्हणजे तिची सून, गावातल्याच शाळेत मास्तरीण. गाव नांदगाव खंडेश्वरपासून हाकेच्या अंतरावर, अन् घराच्या मागं लागूनच वांग्या-मेथीचा मळा. अकोल्याच्या जठारपेठेतल्या कोण्या संस्थेनं असे टॅब शाळांना वापरून पाहायला दिले होते. ते कोणालाच नको होते. जाडजूड, हाताला जड, उन्हात काच काळीठिक्कर पडायची. बोट लावलं की बसल्या म्हशीसारखा सावकाश उठायचा. बाकीच्या शाळांनी कपाटात घातले. तिच्याच शाळेतले सूर्यभान गुरुजी म्हणाले, याच्यापेक्षा माहा फुटका मोबाइल बरा. रागिणीच तेवढी चिवट. ती तो रोज घरी आणायची, ओसरीच्या कोनाड्यात चार्जिंगला लावायची. त्या कोनाड्यात आजवर पार्बताबाईची पानाची चंची असे.

टॅबमधून एक बाई बोलायची. दिसायची नाही. लाडात येऊन प्रश्न विचारायची, अन् चुकलं की म्हणायची, "पुन्हा प्रयत्न करा, बाळा."

पोरं हसून लोळायची.

"आजी, ते बाई टीव्हीतल्यावानी बोलते," सहा वर्षांची नात गीतांजली सांगायची. "तिले कोनी ओ पन देत नाही."

पार्बताबाईला हे ऐकून साखर खाल्ल्यासारखं झालं. शाळा तिनं दारातूनच पाहिलेली. पण जिभेच्या जोरावर अमरावतीच्या भाजीबाजारात ती उभी होती. वांगं दाबून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणायची, "वांगं हाय बाप्पा, जावई नाही. इतकं पारखून काहून राहिला?" माणूस हसायचा अन् पिशवी पुढं करायचा. दिवेलागणीला गल्लीतली पोरं तिच्याच ओसरीवर जमत, तिच्या शिव्या खायला अन् गोष्टी ऐकायला. अन् गीता तर तिच्या पदराला गाठ मारल्यासारखी.

मग एका संध्याकाळी पोरं टॅबभोवती बसली, अन् उठलीच नाहीत.

पार्बताबाईनं कान दिला. टॅबमधली बाई म्हणत होती, "गणित हाय बाप्पा, जावई नाही. इतकं पारखून काहून राहिला?"

पोरं खिदळली. अन् उत्तरं द्यायला लागली.

"तू शिकवलं त्याले हे?" पार्बताबाईनं सुनेला चुलीपाशी गाठलं.

"मी कायले शिकवू? ऐकून ऐकून शिकत असन."

"माह्या तोंडचं हाय ते."

"मंग चांगलंच झालं ना आई. पोट्टे बोलून तं राहिले."

सुनेला चांगलं वाटलं. पार्बताबाईनं मात्र चुलीतलं लाकूड रागानं आत रेटलं. नवऱ्यानं सवत आणली असती तरी तिनं तिला पाट दिला असता. हे तर बिनतोंडाचं, कोनाड्यात बसलेलं. रोज तिचं काही ना काही त्याच्या तोंडी यायला लागलं. मांजराला हाकलायची तिची तऱ्हा. गोष्टीतल्या राक्षसाचं घोरणं. मग आवाजही खाली उतरला, जरासा चिरका झाला. पार्बताबाईचा होता तसाच, तंबाखूनं झालेला चिरका.

त्याच आठवड्यात बाजारात एका बाईनं वांगं दाबलं. पार्बताबाईनं तोंड उघडलं. जिभेच्या शेंड्यावर काहीच नव्हतं. वांगं होतं, बाई होती, अन् मधे बोलायचं जे होतं त्या जागी नुसता खड्डा. बाई वांगं ठेवून पुढच्या ढिगाकडं गेली.

"तब्येत बरी नाही काय व?" शेजारी पालक विकणाऱ्या तानुबाईनं विचारलं. "आज मुकी बसली."

घरी येऊन तिनं सुनेला सांगितलं नाही. ज्या जिभेचा मान होता तीच दगा देते, हे सुनेला कोणत्या तोंडानं सांगायचं? पण गीतेला जवळ ओढलं. अन् तिथंच ती चुकली. ओसरीवरच सांगायला बसली, कोनाड्याकडं पाठ करून.

"आईक. तिन्हीसांजेले कोनी नाव घेऊन हाक मारली, तं पह्यल्या हाकेले ओ द्याची नाही. दुसरीलेही नाही. जे आपलं नसते ते एकदा बोलावते, लय झालं तं दोनदा. आपलं मानूस तीनदा बोलावते. तिसऱ्या हाकेले ओ द्याची."

"टॅबातल्या बाईलेही?"

"हो. तिच्यासाठी तं पह्यले."

ते गीतेला पटलं. त्या संध्याकाळी टॅब म्हणाला, "गीते, इकडं ये व." गीता शेंगा सोलत बसली. पुन्हा म्हणाला. ती जागची हलली नाही. मग टॅब गप्प झाला. कोनाड्यातला हिरवा ठिपका तेवढा जळत राहिला.

पार्बताबाईला त्या दिवशी भाकर गोड लागली.

पण सकाळी तिनं गाईला हाक मारायला तोंड उघडलं, तर गाईचं नाव सापडेना.

आता तिला सुनेला सांगावंच लागलं. सगळं नाही, एवढंच, की हे घरात नको. रागिणी नेहमीसारखी भांडली नाही. हळूच म्हणाली, "मीही पाह्यलं आई. त्याच्यात ठरलेलेच धडे हायेत. आईकून शिकाची सोयच नाही त्याच्यात. मी अकोल्याले फोन करून विचारलं."

रागिणीनं उठून टॅबची वायर काढली.

दुसऱ्या दिवशी रागिणी रजा टाकून अकोल्याला निघाली. टॅब तिनं टॉवेलात गुंडाळून पिशवीत तळाशी ठेवला. पार्बताबाईनं कोनाडा पुसला, चंची परत ठेवली. दिवसभर ती फारसं बोलली नाही. बोलून पाहायची भीती वाटत होती.

चार वाजता रागिणीचा फोन आला. "देल्लं जमा. त्याईच्या कपाटात टाकलं, कुलूपही लावलं. आता बसमधी हावो."

पार्बताबाईनं मान हलवली. फोनवर मान दिसत नाही, हे नंतर लक्षात आलं.

दिवेलागण झाली. आजी-नात ओसरीवर बसल्या होत्या. गीता तुरीच्या शेंगा सोलत होती. पार्बताबाईच्या मांडीवर सूप होतं. मळ्यापलीकडच्या तुरीत वारा नव्हता.

तुरीतून हाक आली.

"गीते…"

चिरका आवाज. तंबाखूनं झालेला.

गीतेचा हात थांबला. तिनं आजीच्या तोंडाकडं पाहिलं. आजीचं तोंड मिटलेलं होतं.

"गीते व…"

गीता पुन्हा शेंगा सोलायला लागली. शहाणी पोर. पार्बताबाईनं श्वास सोडला.

मधे बराच वेळ गेला. जे आपलं नसतं ते आता थकलं असेल, असं वाटण्याइतका.

"गीते, ये व माय."

"ओ आजी," गीता म्हणाली. मळ्याकडं तोंड करून.

ती उठली. मांडीवरच्या शेंगा ओसरीवर सांडल्या. पायात चपला अडकवून ती वांग्याच्या सरीतून नीट चालायला लागली. तुरीच्या काठाला अंधार टेकला होता.

पार्बताबाई धडपडून उठली, सूप उपडं झालं. सगळा जीव गळ्यात गोळा करून तिनं नातीला हाक मारली.

"पुन्हा प्रयत्न करा, बाळा."

गोड, लाडिक आवाज. तिच्याच तोंडातून.

गीतेनं मागं वळून पाहिलं नाही. त्या बाईला कोणतंच पोर ओ देत नव्हतं.