सड्यावरचे आडवे चर

कातळवाडीत आषाढात अंगणातून ओढा वाहायचा आणि फाल्गुनात कळशी विहिरीच्या तळाला खडखडायची. एवढं पाणी जायचं कुठं? स्वरांगीला वाटत होतं, आपल्याला चोर सापडला.

चोराला सहा पाय होते. जलखात्यानं वाडीत आणून सोडलेला तो यंत्रमानव (माणसाची कामं करणारं यंत्र) दिवसभर वरच्या सड्यावर (डोंगरावरच्या कातळी माळावर) खुडबुडायचा, म्हणून पोरं त्याला खेकड्या म्हणत. बोलायचा गोड. आणि मैनाआत्या सांगायची, न मागता गोड बोलणाऱ्याची मूठ आधी उघडून बघावी. येत्या उन्हाळ्यात विहीर आटली, तर आत्या पोफळीची बाग तोडणार होती. तहानलेली झाडं तिला बघवत नव्हती.

पावसाआधी सगळी वाडी सड्यावरून खाली सरळ चर खणायची. पाणी झटपट समुद्राला गेलं की अंगण सुकं. तेच चर हा खेकडा दगडमातीनं बुजवत होता आणि उताराला आडवे नवे चर खणत होता. ते नक्की खालच्या हॉटेलाकडे जात असणार.

स्वरांगी फावडं घेऊन वर गेली. "कुणाला पाणी विकतोस रे?"

"कुणालाच नाही, ताई. थांबवतोय."

"चोरही म्हणतो, सांभाळून ठेवतोय."

खेकड्या चिडला नाही. "आत्या नाचणीचं पीठ मळताना पाणी कसं घालते?"

"थोडं थोडं. एकदम ओतलं तर परातीबाहेर जाईल, पीठ आत कोरडंच."

"जमिनीचं तसंच. समुद्र तापलाय, म्हणून बाष्प (पाण्याची वाफ) जास्त होतं. तापलेली हवा ते जास्त धरते आणि एकदम ओतते. महिनाभराचा पाऊस दोन दिवसांत कोसळतो, मग उघडीप. जमिनीला प्यायला सवडच नाही, वर तुम्ही पाण्याला पळायला वाट करून देता. समपातळी चरात (उताराला आडवा, सगळीकडे सारख्या उंचीवरचा) ते अडतं, मुरतं आणि भूजल (जमिनीखालचं पाणी) होतं."

"तोंडानं कुणीही विहीर भरेल."

ती चराच्या कडेनं टोकापर्यंत चालत गेली. टोक बंद. हॉटेल दूर, भलत्याच बाजूला. तरी तिनं चरात साचलेल्या पावसाच्या पाण्यावर पान सोडलं. पान जागचं हललं नाही. काठाला काडी खोचून ती राखण करत बसली. दुपार कलली तेव्हा पाणी काडीच्या खुणेखाली गेलं होतं. वाहिलं नव्हतं, उपसलं नव्हतं. ढगाळ दिवसात एवढं उडणारही नव्हतं. मग खालीच गेलं.

"पण आमच्याच विहिरीत उतरेल कशावरून?"

"कातळाचा उतार तिकडे आहे. खात्री उन्हाळ्यात."

"लबाड निघालास तर त्याच विहिरीत लोटीन," असं बजावून तिनं घरामागचा सरळ चर स्वतः बुजवला. आत्या दिवसभर बडबडली, "अंगणात चिखल झाला तर तूच काढशील." झाला. तिनं काढला.

चैत्रात आत्यानं कळशी सोडली. खडखड ऐकायला कान टवकारले, तर बुडबुड आली. तिनं दोनदा वाकून बघितलं, मग खेकड्याकडे डोळे बारीक करून. "एका वर्षानं मी भुलत नाही. पुढचे उन्हाळेही बघणार."

दुसऱ्या दिवशी ती बाजारातून परतली ती पोफळीची रोपं घेऊन. पोफळीला सुपारी धरायला पाच-सहा वर्षं लागतात.